ओगलेबाईंचा कर्वेनगरचा ठिपका

आमच्या सोसायटीत कुणाच्या न्हाणीघरात वाणी निघाला, तर झाडूच्या आधी ओगलेबाईंना बोलवावं लागतं. तसा लेखी नियम नाही. पण तळमजल्यावरच्या देशपांड्यांनी एकदा वाणी परस्पर मोरीत लोटला, तर बाईंनी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला. देशपांडे म्हणतात, तेवढे महिने बरे गेले.

वाणी म्हणजे तोच, हात लावला की चकलीसारखं वेटोळं करून बसणारा भरमसाट पायांचा किडा. त्याला गोम म्हणालात तर मेलात! "गोमेला अंगाच्या एका कड्याला पायांची एक जोडी, ह्याला दोन. मोजता येत नसेल तर निदान बोलू नये माणसानं!"

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. वाण्यांच्या एकाच प्रजातीवर त्यांनी हयात घातली. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव, असं त्यांनी मला ढ विद्यार्थी समजून समजावलंय. तर ह्या एका आडनावाची मंडळी कोण कोण आणि राहतात कुठे, हा बाईंचा उद्योग. पुण्यात लोक स्वतःच्या घराण्याचे कुलवृत्तान्त काढतात, बाईंनी वाण्यांचा काढलाय एवढंच.

दारात आल्या की नमस्कार-चमत्कार नाही. थेट प्रश्न, "नर आहे का?" तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेली आयटीतली मुलगी घाबरून म्हणाली, "नाही हो काकू, मी एकटीच राहते." बाईंचा इलाज नसतो. नराच्या सातव्या कड्यावरच्या पायांचा आकार भिंगातून पाहिल्याशिवाय ह्या मंडळींची जात ठरत नाही. "मादीवरून काही ठरत नाही," बाई म्हणतात, "शास्त्रातसुद्धा!"

लोक हॉलमध्ये जिथे टीव्ही लावतात, तिथे बाईंनी नकाशा लावलाय. वाणी जिथे जिथे सापडला तिथे लाल ठिपका. सगळे ठिपके मुळशी-ताम्हिणीकडे, घाटाच्या कडेनं. एकच अलीकडे, एकटा. कर्वेनगर. म्हणजे आमचीच सोसायटी!

हा ठिपका ओगलेकाकांचा. काका विमा कचेरीत होते आणि रविवारी मित्रांबरोबर डोंगर चढायचे. येताना बायकोला गजरा आणावा, तर हे बाटलीत वाणी आणायचे. काकांच्या अशाच एका बाटलीतल्या नरावर कर्वेनगरचा ठिपका उभा होता. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे हक्कानं शिव्या खाणारा. यंदा सभेत ठराव झाला की बागेत औषध मारायचं. बाई उभ्या राहिल्या. "दुसरा नर मिळेपर्यंत मारायचं नाही." त्यांची जुनी विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर ह्या प्रजातीवर लेख लिहीत होती. तिचं म्हणणं, कर्वेनगरचा आणखी एक तरी नर दाखवा, नाहीतर तो ठिपका नकाशात घेता येणार नाही. मग काय! सगळा श्रावण बाई रोज सकाळी बागेतल्या बाकामागे स्टूल टाकून पालापाचोळा उपसत बसल्या. वाणी चिकार निघाले. "हे दुसऱ्याच आडनावाचे," म्हणून बाई त्यांना परत सोडायच्या.

शेवटी औषधवाल्याचा दिवस ठरला. मी मन घट्ट करून बाईंना सांगायला वर गेलो. नकाशाकडे पाहिलं तर कर्वेनगरचा ठिपका नव्हता.

"पाठवला लेख," बाई म्हणाल्या. "कर्वेनगर काढून."

"अहो, पण काकांना इथेच सापडला होता ना?"

त्यांनी काकांची ती बाटली आणि भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या चिठ्ठीवर काकांचं मोत्यासारखं अक्षर. ठिकाण : फ्लॅट नंबर आठ, आणि खाली सोसायटीचा अख्खा पत्ता, पिनकोडसकट.

"वाणी काय फ्लॅटमध्ये सापडला? विम्याचे फॉर्म भरभरून हाताला सवय. चिठ्ठी समोर आली की लिही घरचा पत्ता! त्या रविवारी ताम्हिणीला गेले होते हो. डबा मीच भरून दिला होता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. केवढी ओरडले मी! म्हणाले, उद्या दुरुस्त करतो. ते राहिलंच. पुढे तेच राहिले नाहीत, मग माझ्यानं खोडवेना. वाटलं, इथे खरंच एखादा निघाला तर त्यांची चूक चूक राहणार नाही." त्यांनी बाटली काढून घेऊन पदरानं पुसली. "शास्त्रात एवढं एकच खोटं बोलले मी."

मी पुणेकरासारखा बोललो, "म्हणजे आता औषध मारायला हरकत नाही."

"मारा. बाकामागचा कोपरा तेवढा सोडा."

"पण तिथे तुमचा वाणी नाहीच ना?"

"नाहीच. पण अहो, सकाळी खाली उतरायला काही कारण नको का माणसाला? घर फार गप्प असतं."

मी फलकावर लिहिलं, 'बाकामागचा कोपरा वगळून'. देशपांड्यांनी कारण विचारलं. शास्त्रीय आहे म्हणून टाळावं असं मनात होतं, पण सगळं खरंच सांगून टाकलं.

परवा सकाळी बाई स्टुलावर बसल्या होत्या. देशपांडे श्रीखंडाची रिकामी डबी घेऊन तिथे गेले.

"न्हाणीघरात निघाला. डावी भिंत. नर आहे का बघा."

बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"मादी आहे," त्या म्हणाल्या. "काही उपयोग नाही. बसा."

देशपांडे बाकावर बसले.