उत्सवमूर्ती गैरहजर

दरवर्षी जुलै महिन्यात गास गावात एक वाढदिवस व्हायचा. फुगे असायचे, केक असायचा, आळीतली झाडून सगळी पोरं असायची. नसायची फक्त जिचा वाढदिवस ती. ती, म्हणजे आमची मुक्ता, तेव्हा मस्कतमध्ये असायची. यजमान होते माझे चुलत सासरे, दामूकाका. कोणी हटकलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "उत्सवमूर्ती गैरहजर, कार्यक्रम वेळेवर!"

काकांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. पण गावात त्यांची खरी ओळख माइकवाले म्हणून. लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, कबड्डीचे सामने असोत, सूत्रसंचालन काकांचं. ती भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही तीच चालायची. चहा प्यायचा म्हणजे "अल्पोपहाराचा कार्यक्रम". आंघोळीला जाताना "आपली रजा घेतो". मी लग्न होऊन आले त्या रात्री पहिला घास तोंडात घातला, तोच काका उभे राहून म्हणाले, "आता नवीन सूनबाई आपलं मनोगत व्यक्त करतील." मला असा ठसका लागला की विनयला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं.

विनय म्हणजे माझा नवरा. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, काकांनीच त्याला वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "त्या कार्यक्रमाला योग्य अध्यक्ष मिळाला नाही." आणि वाडीत पाणी सोडायला निघून गेले.

विनयला मस्कतला नोकरी लागली तेव्हा मुक्ता जेमतेम चालायला शिकली होती. नोकरी चांगली, कंपनीची माणसं चांगली. पण काम पाण्याच्या पंपांचं, तेही दूर वाळवंटातल्या तळांवर. विनय घरी कमी आणि फिरतीवर जास्त. आणि मुक्ताचा वाढदिवस नेमका तिथल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत. त्या दिवसांत आमच्या इमारतीतली सगळी भारतीय कुटुंबं आपापल्या गावी जायची. जिन्यात एक चप्पल दिसायची नाही. बाहेर बघवणार नाही असं ऊन आणि घरात आम्ही दोघी. मी फुगे लावायचे. मुक्ता ते बघून म्हणायची, "आई, पण येणार कोण?"

हे मी एकदा फोनवर काकांपाशी बोलले. काका म्हणाले, "तिथे मंडळी नाहीत, इथे मंडळी आहेत. मंडळी तिथे नेता येत नाहीत. तेव्हा कार्यक्रम इकडे हलवण्यात येत आहे."

मला वाटलं गंमत करतायत.

वाढदिवसाच्या संध्याकाळी आम्ही गासला फोन लावला, तर पलीकडे जत्रा भरलेली! काकांनी माणिकपूरच्या बेकरीतून केक आणला होता. रिक्षाचे पडदे गळत होते, म्हणून आतल्या आत केकवर छत्री धरून स्वतः भिजत आले होते. बेकरीवाल्याने केकवर 'मुक्ता'ऐवजी 'मुक्ती' लिहिलं होतं. "वाढदिवसाला मुक्ती कसली देतो, मेल्या!" असं म्हणत काकांनी वेलांटीचा वरचा भाग बोटाने पुसला, काना तेवढा शिल्लक ठेवला आणि बोट चाटून टाकलं. हे सगळं त्यांनी फोनवर साग्रसंगीत ऐकवलं. मग रिसीव्हर पोरांपुढे धरला. पोरं बेंबीच्या देठापासून गायली. मुक्ता दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत होती आणि हसत होती. शेवटी काकांनी पोरांचे, बेकरीवाल्याचे, रिक्षावाल्याचे आणि "ज्यांच्या कृपेने वीज गेली नाही त्या वीज मंडळाचे" आभार मानले.

तेव्हापासून दरवर्षी हेच. विनय वाळवंटात कुठेतरी असायचा, पण मुक्ताच्या वाढदिवसाला घर भरलेलं असायचं. ते घर गासमध्ये होतं, एवढंच. त्या फोननंतर मुक्ता शांत झोपायची आणि मीही. काकांचे उपकार मोजायचे कसे, मला अजून कळलेलं नाही.

केक कापायला कोणीतरी लागतंच. ते काम काकांनी शेजारच्या सिसिलियाला दिलं होतं. ती मुक्ताच्याच वयाची. मुक्ताच्या वतीने ती केक कापायची, फुंकर मारायची, पहिला घास काकांच्या हातून खायची. मुक्तासाठी फ्रॉक घ्यायचा तोही सिसिलियाला दुकानात उभं करून, तिच्या मापाचा. आमची मुक्ता काटकुळी. मस्कतला येणाऱ्या कोणाबरोबर तो फ्रॉक पोचला की मी शिवणीतून आत घ्यायचे.

मधे एकदाच आम्ही रजेवर आलो, तेही डिसेंबरात, मुक्ता इतकी लहान असताना की ती पोरांना आठवणंच शक्य नव्हतं. पुढची रजा विनयच्या कामामुळे लांबत गेली. मग अचानक एका जुलैत कंपनीने त्याला मुंबईच्या कार्यालयात कामासाठी पाठवलं आणि आम्ही दोघीही बरोबर निघालो. मुक्ता आठ वर्षांची होणार होती. उत्सवमूर्ती पहिल्यांदाच हजर!

काकांनी आठवडाभर आधी सगळ्या आळीत पुकारा केला होता. संध्याकाळी पोरं जमली. केक मांडला. मुक्ता माझ्या पदराला धरून उभी. एक शेंबडं पोर तिला खालून वर न्याहाळून म्हणालं, "ही मुक्ता? मंग आपली मुक्ता कोन?"

सगळी हसली. काका मात्र इकडेतिकडे बघायला लागले. सिसिलिया आली नव्हती.

"सूनबाई, जरा चल माझ्याबरोबर," काका म्हणाले.

शेजारच्या ओट्यावर सिसिलियाची आई मोनिकाबाई उभी होती. "सकाळपासून तोंड फुगवून बसलीय," ती म्हणाली. "नवा फ्रॉकपन घालीत नाय."

सिसिलिया दाराआड होती. तिथूनच म्हणाली, "आता मला कशाला बोलवता? खरी आली ना!"

मी काकांकडे पाहिलं. शेकडो माणसांपुढे माइक हातात घेऊन न अडखळणारे काका. ते पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर धोतरासकट बसले.

"सिसू," ते म्हणाले. माइकचा आवाज नव्हता तो. "ती माझी नात आहे, ते काय खोटं नाय. पन माझ्या घरात इतकी वर्षं नाचली कोन? तू. तू नाय आलीस तर मी केक कापू देनार नाय. कोनालाच."

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "फोनवर सगळ्यात जोरात तू गायचीस ना?"

मुक्ता एकटीच आमच्यामागे आली होती, अनवाणी, चिखलातून. दारामागून एक डोळा दिसला.

"तुला कसं म्हाईत?"

"आता ओळखला ना आवाज. तू 'हॅपी'च्या आधीच सुरू करायचीस."

सिसिलिया बाहेर आली. दोघींनी एकमेकींना बघितलं. सिसिलिया हातभर उंच आणि चांगली दुप्पट. "एवढीशीच?" ती म्हणाली, "आनि काका माझ्या मापाचे फ्रॉक पाठवायचे?" मोनिकाबाई फसकन हसली, मग मुली, मग मी. काका ओशाळून धोतर झटकायला लागले.

केक दोघींनी मिळून कापला. पहिल्या घासावरून पुन्हा भांडण नको म्हणून काकांनी दोन्ही हातांनी दोघींना एकदम भरवलं. विनय मुंबईहून पोचेपर्यंत केक संपला होता. त्याने पुठ्ठ्याला लागलेलं क्रीम खाल्लं आणि आनंदाने खाल्लं.

दिवेलागणीला पोरं पांगली. विनय आंघोळीला गेला. मुक्ता आणि सिसिलिया माजघरात चटईवर पालथ्या पडून कसलंतरी खुसखुसत होत्या. मी ओटीवर काकांपाशी बसले. एवढ्या वर्षांचं मनात साठलेलं बोलावं म्हणून सुरुवात केली, "काका, तुम्ही मुक्तासाठी जे केलंत..."

त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"मुक्तासाठी कुठलं गं. तुम्ही विमानात बसलात ना, त्या संध्याकाळी मी दोनदा उठून दार उघडलं. कोनी वाजवलंच नव्हतं." ते अंगणाकडे बघत होते. "त्यानंतर वाडीतून घरी यायला नको वाटायचं. मग तू तो फोन केलास. मला निमित्त मिळालं."

डोळे पुसून मी म्हणाले, "काका, आम्ही..."

"हळू," ते म्हणाले आणि माजघराकडे कान लावून बसले. "आपला आवाज आला तर त्या हसायच्या थांबतील."