पूनमची पेटी

पॅकिंगमधलं मला कुणी शिकवू नये! चाकणच्या एका कंपनीत मी पॅकिंग खात्यात आहे. माझ्या हातचा माल जहाजातून परदेशी जातो आणि ओरखडाही न पडता उतरतो. तिथं लेकीचं हॉस्टेलचं सामान म्हणजे डाव्या हातचा मळ!

पूनम म्हणाली, "पप्पा, दोन बॅगा बास झाल्या. खोलीत आम्ही चौघी आहोत."

"चौघी म्हणूनच! गर्दीत माल आदळतो."

तिची आई गेल्यापासून मोशीच्या घरात आम्ही दोघंच. मला अडवणार कोण? कंपनीच्या भंगारातून लाकडी पेटी विकत आणली. बादलीला बबल रॅप, उशीला बबल रॅप! लोणच्याची बरणी तर इतकी गुंडाळली, की बरणी आहे की बाळंतीण, कळेना. वरून पट्ट्या आवळल्या आणि लिहिलं, 'नाजूक माल'.

टेम्पोवाला नवनाथ बघतच राहिला. "अर्जुनराव, पोरगी तळेगावला चाललीय की दुबईला?"

हॉस्टेलच्या दारात वॉचमन आडवा आला. "फ्रिज चालत नाही इथं!"

"अहो, फ्रिज नाही, कपडे आहेत!"

त्याला पटेना. रेक्टरबाई आल्या. "उघडा बघू." पट्ट्या कापायला कटर शोधतो, तर कटर पेटीत! शेवटी मेसमधून सुरी आली. पहिलीच पट्टी अशी उसळली, की रेक्टरबाईंचा चष्मा थेट तुळशीच्या कुंडीत! झाकण उघडलं आणि व्हरांडाभर बबल रॅपचा डोंगर पसरला.

पूनमनं ओढणीत तोंड लपवलं. पहिल्याच दिवशी पोरीचं हसं केलं मी!

एवढ्यात तिच्या खोलीतली रुपाली पुढे आली आणि तिनं एक फुगा दाबला. फट्! दुसरीनं दाबला. फट् फट्! तिसरी तर तुकडा अंथरून त्यावर नाचायलाच लागली. पूनमनं ओढणी बाजूला केली आणि काय हसली म्हणता! मग चौघी सामान आत नेता नेता एकमेकींची गावं विचारू लागल्या. मी झाकण धरून उभा.

"पप्पा, निघा आता. चाकणला ट्रॅफिक लागेल."

निघालो. घरी येऊन कुलूप काढलं आणि सवयीनं हाक मारली, "पूनम, चहा टाक गं!" मग एकटाच हसायला गेलो, पण जमलं नाही. चहा मीच उकळला, तर गाळणी सापडेना. तीही गेली पेटीतून!

फोन वाजला. "पप्पा, पेटीत तुमची लुंगी कशी? दाढीचं सामान पण आहे!" मागे हसण्याचा नुसता गोंगाट. "या विचारतायत, तुझे पप्पा पण राहायला येणार होते का?"

आता काय सांगू? भरताना घरातलं रोजचं जे दिसलं, ते भरत गेलो.

"ते होय! मोकळी जागा राहिली होती. माल आत हलू नये म्हणून घातलं."

गोंगाट मागे पडला, ती बाजूला आली असावी. "पप्पा, चहा घेतलात का?"

"घेतोय की! फक्कड झालाय!" मी म्हणालो आणि फोन लांब धरून तोंडातला चोथा थुंकला.