विनीच्या केकमधलं बीट

सहा वर्षांच्या पोरीला भाजी खायला लावणं म्हणजे काय मोठं काम आहे, असं मी जेवणाच्या सुट्टीत चारचौघांसमोर म्हणालो होतो. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गजवळच्या साखर कारखान्यात मी बावीस वर्षं फिटर आहे. वाफ कुठून गळते ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. मग मूठभर मटार एका छोट्या तोंडात का जात नाहीत, हे मला कळायलाच हवं होतं.

माझी बायको लिअॅन मार्चमध्ये वारली आणि विनीनं भाजी सोडली. फळंही सोडली. त्याआधी ही पोरगी कच्चं गाजर सशासारखी खायची. लिअॅन हे कसं जमवायची, ते मी कधी विचारलं नव्हतं. घरात जे आपोआप होतं त्याबद्दल कोण विचारतं?

शाळेत रोज दहा वाजता फळांची सुट्टी असते. तेव्हा फक्त फळ किंवा भाजी खायची, दुसरं काही नाही. विनीचा डबा रोज भरलेला परत यायचा. शेवटी तिच्या बाई, मिस फेनेली, यांची चिठ्ठी आली. विनी वर्गात डोकं टेकून बसते, तिचं वजनही उतरलंय, डॉक्टरांना दाखवा.

मी विचार करायला लागलो. लिअॅन खिम्याच्या टिक्क्या करायची तेव्हा कचऱ्याच्या डब्यात झुकिनीची, त्या काकडीसारख्या हिरव्या भाजीची, देठं दिसायची, एवढं मला आठवलं. म्हणजे ती भाजी किसून लपवायची! कोडं सुटलं.

मीही किसली. विमानतळावर बॅगेतलं सफरचंद हुंगून काढणारा कुत्रा असतो ना, तशी विनी टिक्कीवर वाकली. काट्यानं एकेक हिरवा कण बाहेर काढून तिनं ताटाच्या कडेला ओळीत मांडला.

"हे काय आहे, बाबा?"

"मसाला."

"मसाल्याला साल असते?"

तेवढ्यात तिचा सातवा वाढदिवस आला. वर्गासाठी छोटे केक न्यायचे होते. चॉकलेटमध्ये बीट दिसत नाही, हे मला कोकोच्या पाकिटावरच्या कृतीतून कळलं होतं. मी डबाबंद बिटाचे दोन डबे फोडून ते बीट वाटून पिठात घातलं. अॅलर्जीमुळे आमच्या शाळेत केकच्या खोक्यावर आत काय काय आहे ते लिहावं लागतं. मी मैदा, अंडी, लोणी, साखर, कोको लिहिलं. बीट लिहिलं नाही, कारण विनी आता सगळं वाचते. बिटानं कोणाला काय होतंय?

विनीनं दोन केक खाल्ले. मी कारखान्यात शीळ घालत गेलो.

दुपारी शाळेतून फोन आला. तीन मुलांना लाल लघवी झाली होती, त्यात एक विनी.

मी पोचलो तेव्हा सगळा वर्ग आंब्याखाली बसवला होता. शाळेच्या माळ्यानं पिण्याच्या नळांना पिवळी पट्टी गुंडाळली होती. कोणाची तरी आजी म्हणत होती, "मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, त्या टाकीत बेडूक आहे." एक बाप शेतातून तसाच आला होता, चिखलाच्या बुटांनी. तो आपल्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होता, "दुखतंय का? खरं सांग." मुलगा म्हणत होता, "नाही. पण मस्त लाल आहे."

मला बीट आठवलं. विनी माझ्याकडेच बघत होती. आत्ता सांगितलं तर ती केकही सोडणार, मग तिच्या पोटात जाणार काय?

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. मुख्याध्यापिका मिसेस डोहर्टी फोनवर सांगत होत्या, "सगळ्या रस्त्याचं पाणी बंद करा."

"बीट आहे ते," मी म्हणालो.

"कुठलं बीट?"

"केकमधलं."

त्यांनी खोकं मागवलं, चष्मा लावला, यादी वाचली. "यात बीट नाही, मर्व्ह."

"यादीत नाही. केकमध्ये आहे."

चिखलाच्या बुटांचा बाप माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "माझं पोरगं बीट खातं? बायकोला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही."

गाडीत विनी म्हणाली, "माझ्यासाठी लपवलंस?"

"हो. आईसुद्धा लपवायची ना."

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी."

मी गाडी कडेला घेतली.

"मीच किसून द्यायचे," ती म्हणाली. "बाबाला कळू द्यायचं नाही, असं आईनं सांगितलं होतं."

अकरा वर्षं मी त्या टिक्क्या नुसत्या मांसाच्या समजून वाखाणत होतो.

"मग आई तुला भाजी कशी खायला लावायची?"

तिनं विचार केला. "लावायची नाही. मागच्या पायरीवर बसून ती स्वतःच खायची. मी तिच्या हातातलं घ्यायचे."

"मग आता का नाही खात?"

"आता तिथं कोणी खात नाही."

वाटेत शेताच्या फाटकाशी विकायला ठेवलेल्या घेवड्याच्या कोवळ्या शेंगा घेतल्या आणि घरी येऊन आम्ही पायरीवर बसलो. मी एक शेंग तोंडात घातली. सुतळी ओली करून चावावी तशी लागली. विनी माझा चेहरा बारकाईनं बघत होती.

"थुंकू नकोस."

"थुंकत नाहीये."

"आई हसत खायची."

मी हसलो. पाचव्या शेंगेला तिनं माझ्या हातातली अर्धी मोडून घेतली आणि पुढच्या दातांनी कुरतडली.

"आणखी खा बाबा," ती म्हणाली, "मग मी घेते."

त्या संध्याकाळी मी एकोणीस शेंगा खाल्ल्या. तिनं चार. उद्यासाठी तिनं ब्रोकोली ठरवली आहे. मला विचारलेलं नाही.