अण्णा गायधनींची हरकत

आमच्या कॉलनीत अण्णा गायधनींच्या हातात कुणी लग्नाची पत्रिका ठेवली, की ते आधी एक बोट वर करतात आणि म्हणतात, “हरकत आहे.” मग पत्रिका वाचतात.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हरकत निघाली ती नवरदेवाच्या आडनावाला. “केवढं लांबलचक! सह्या करून करून पोरीचा हात दुखेल, वहिनी.” मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू. पण लग्नाच्या दिवशी हॉलवर आमच्याही आधी हजर असलेला माणूस हाच. पंगतीत बसले, पानात मीठ पडायच्या आत उठले आणि शेवटपर्यंत मठ्ठा वाढत फिरले.

स्वस्थ बसणं हा प्रकार अण्णांच्या अंगातच नाही. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. आता कोपऱ्यावरच्या बंगल्यात एकटेच असतात आणि एकट्याने दहा माणसांइतकं चालतात. आमच्याकडे आले की मी म्हणते, “बसा ना.” “बसलोच आहे,” असं म्हणत ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. ते गेल्यावर त्यांचा कप खिडकीत सापडतो आणि बशी टीव्हीच्या मागे. भाजी आणायला मात्र हा घाईचा माणूस अकरानंतर जायचा. सगळ्यांनी चिवडून ठेवलेली, मान टाकलेली मेथी घेऊन यायचा. आम्ही त्याला चिकटपणा म्हणत होतो.

ही मेथी लंकाबाईंची. लंकाबाई मखमलाबादच्या माळीण. घरच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, पालक आणि हंगामात शेवंतीची फुलं घेऊन मोठ्या रस्त्याच्या कडेला बसायच्या. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि त्यांना तिथून उठावं लागलं. महापालिकेने नवी जागा देऊ केली ती आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, बरोबर अण्णांच्या कंपाउंडला लागून. नियमाप्रमाणे भिंतीवर नोटीसही लावली, की शेजारच्या मालकांच्या काही हरकती असल्यास कळवाव्यात. म्हणजे मांजराला हाका मारून दुधाचं पातेलं दाखवण्यातला प्रकार!

अण्णांनी त्याच दुपारी लेखी हरकत दिली. पथविक्रेता विभागातल्या मॅडमचा मला फोन आला, कारण कॉलनीची अध्यक्ष मी. ज्या मीटिंगला मी गेले नव्हते, तिच्यात मला एकमताने निवडलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, “मी सोमवारी पाहणीला येते. तोवर आपसात मिटवा. नाही मिटलं तर ही जागा रद्द होईल आणि बाईंना बायपासपलीकडच्या नव्या बाजारात जावं लागेल.” त्या बाजारात ओटे बांधून झाले होते, गिऱ्हाईक अजून यायचं होतं. दोन टोपल्या घेऊन तिथे बसायचं म्हणजे भाजी उन्हात सुकवून घरी परत न्यायची.

मी लंकाबाईंना घेऊन अण्णांच्या फाटकाशी गेले. अण्णा आतल्या बाजूने फिरत होते, आम्ही बाहेर उभ्या.

“पहिली गोष्ट म्हणजे कचरा. कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची पानं.”

“समदं गोणीत भरून घरी नेते. गाय हाय माझी,” लंकाबाई म्हणाल्या.

“फाटकासमोर गाड्या लागतील.”

“फाटक सोडून बसते. त्या नळाच्या पल्याड.”

“सकाळी सातपासून आरडाओरडा होईल.”

“नाय ओरडत. तोंड शिवून बसते.”

अण्णा चालता चालता थबकले. “आणि न ओरडता भाजी खपेल कशी? हरकत आहे!”

आता ही हरकत नेमकी कुणाच्या बाजूने होती, ते मला कळेना. लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आभाळाकडे.

पुढे रोज एक नवीन. तिथे दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं. पावसात गटार तुंबतं, बाईचे पाय भिजतील. कोपऱ्याला वारा फार, कोथिंबीर सुकेल. लंकाबाई म्हणाल्या, छत्री लावते. हे म्हणाले, छत्री उडेल. मी वैतागून म्हटलं, “अण्णा, जागा तिला आवडलीय. तुम्हाला नको असेल तर सरळ तसं सांगा.”

“माझा विरोध कुठे आहे? माझी फक्त हरकत आहे,” असं म्हणून ते चपला फटफटवत निघून गेले.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. स्कूटर काढायचे, तासाभराने परत यायचे, उभ्याउभ्या पाणी पिऊन पुन्हा निघायचे. विचारलं तर म्हणाले, “तिच्यासाठी दुसरी जागा बघतोय. चांगली, वर्दळीची.” एका औषधाच्या दुकानदाराच्या हातापाया पडून आले होते, एका शाळेच्या वॉचमनला चहा पाजून आले होते. सगळा जेल रोड पालथा घातला. दारातली बाई घालवायला माणूस एवढं पेट्रोल जाळतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. जागा कुठेच मिळाली नाही.

सोमवारी मॅडम आल्या. टेप लावून मोजमाप झालं. फुटपाथ मोकळा राहत होता, फाटकही मोकळं राहत होतं.

“काका, तुमच्या सगळ्या हरकतींचं तर निरसन झालं. आता राहिलं काय?”

अण्णा फाटकापासून नळापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. लंकाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं. माझं डोकं फिरलं. “अण्णा, बाईच्या पोटाचा प्रश्न आहे. एकदा काय ते बोलून टाका!”

“म्हणूनच!” अण्णा ओरडलेच. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हणूनच नको म्हणतोय, वहिनी. रोज सकाळी टोपली मांडताना हिला पहिलं तोंड माझं दिसणार. माझा हात चांगला नाही.”

मग उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांच्या मुलाने, प्रशांतने, याच बंगल्याच्या पुढच्या खोलीत स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं. ते मला आठवत होतं, वर्षभरात बंद पडलं हेही आठवत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की उद्घाटनाच्या दिवशी पहिली वही अण्णांनी विकत घेतली होती. स्वतःच्या मुलाच्या दुकानात, हौसेने, रोख पैसे मोजून. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी मुलगा रागाच्या भरात बोलून गेला, “तुमच्या हातची भवानी झाली, तेव्हाच हे दुकान बुडालं होतं.”

रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. मुलगा बोलला, पुण्याला गेला आणि बहुधा विसरलाही असेल. अण्णांनी मात्र तेव्हापासून कुठल्याही दुकानात पहिलं गिऱ्हाईक व्हायचं सोडून दिलं होतं. मला त्या मुलाचा संताप आला आणि अण्णांसाठी जीव तुटला.

लंकाबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या. “एवढंच व्हय? आन्ना, माझ्या धंद्याच्या मागं गारपीट हाय, मोकाट गाया हायेत, दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या या ताई हायेत. त्यात तुमचा नंबर लय मागं हाय!”

मॅडम हसल्या, मीही हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हरकत मागे घेतल्याच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, “पण सकाळचा मी बाहेर येणार नाही. दहा वाजेपर्यंत खिडकीतसुद्धा दिसणार नाही.” एवढं बोलून घाईघाईने आत गेले.

परवाना मिळाला. पहिल्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले, तर लंकाबाई मेथीला हात लावू देईनात. “थांबा ताई. भवानी व्हायची हाय.” माझ्यामागे आणखी तिघी-चौघी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही तेच उत्तर. मग लंकाबाईंनी बंगल्याकडे तोंड केलं आणि तोंड शिवून बसायचं वचन पहिल्याच सकाळी मोडलं. “आन्नाऽ! या लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय!”

पडद्याआड अण्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसत होते. दार काही उघडेना. एका बाईला बस गाठायची होती, ती कुरकुरायला लागली.

“तुमी येस्तवर मी एक काडी इकायची नाय!” लंकाबाई पुन्हा ओरडल्या. “सुकू द्या मग समदी!”

भाजी सुकायची धमकी अण्णांना सोसली नाही. आले. घाईत चपला घालायच्याही राहिल्या होत्या. कुणाकडे न बघता त्यांनी मेथीची एक जुडी उचलली, पैसे पुढे केले. लंकाबाईंनी नाणं कपाळाला लावलं, गोणपाटाखाली सरकवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हां, बोला आता. कुनाला काय?”

दुपारपर्यंत अण्णा फाटकाच्या आत उभे होते. कोण आलं, काय घेऊन गेलं, सगळं बघत होते. मी साडेबाराला सहज डोकावले तेव्हा टोपलीत चार जुड्या उरल्या होत्या. अण्णा पाणी प्यायला आत वळले, तेवढ्यात लंकाबाईंनी त्या चारही जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या आणि डोळ्यांनीच दटावलं. मी पैसे काढायला लागले तर हातावर चापट बसली. पिशवी पाठीमागे धरून मी शहाण्यासारखी उभी राहिले.

“आन्ना,” लंकाबाईंनी टोपली उपडी करून झटकली. “संपली बगा भाजी!”

अण्णांनी रिकामी टोपली पाहिली, फाटकाबाहेर येऊन जवळून पाहिली, आणि तडक घरात गेले. हरकतसुद्धा घेतली नाही. लंकाबाई गोणपाट घडी करत होत्या. बंगल्याची खिडकी उघडी होती, आणि अण्णा फोनवर नेहमीच मोठ्याने बोलतात.

“प्रशांत, मी बोलतोय. नाही रे, तब्येत ठीक आहे. काम काही नाही. आपल्या भिंतीशी एक भाजीवाली बसायला लागली आहे आजपासून. हो. तिची सगळी भाजी संपली, एक वाजायच्या आत. सगळी. नाही, पैसेबिसे नकोत मला. तू फक्त एक विचार ना. पहिलं गिऱ्हाईक कोण होतं, ते विचार ना.”