करडईच्या तेलाचा पहारा

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि दत्तरावांचं तूप बंद केलं. ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पेडगावच्या दत्तरावांचं जेवण बंद केलं असतं, तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

"रक्तात चरबीच्या बारीक गाड्या फिरतात," डॉक्टर म्हणाले. "त्या आत घ्यायला पेशींना दारं असतात. तूप, डालडा जास्त झाला की दारं कमी होतात, गाड्या रक्तातच तुंबतात आणि हृदयाची वाट अडते. करडईच्या तेलानं दारं वाढतात. तीन महिने पाळा, नाहीतर झटका येईल."

"म्हंजी जिनिंगचं फाटक लावलं की मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या तुंबतेत, तसंच की," कोपऱ्यातून दत्तरावांच्या बायको धुरपताबाई बोलल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईकडे डॉक्टर बघतच राहिले.

दत्तरावांनाही समजलं होतं, पण आपल्या सोयीनं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भाकरीवर तूप ओतलं आणि वर तितकंच करडईचं तेल.

"आवो, काय करायलाव हे?"

"तूप दार लावतंय, तेल उघडतंय. बराबरी झाली!"

धुरपताबाईंनी ताट उचललं आणि तुपाची बरणी कुलपात टाकली.

मग दत्तराव शेजारी आसारामकडे खिचडी खायला गेले. खिचडीवर तेल आलं.

"आसाराम, तूप रे?"

"वैनीनं शपथ घातलीया. तुमाला तूप वाढंल त्याच्या घरी त्या हळदीकुंकवाला येणार न्हाईत."

गावात सगळीकडे तीच तऱ्हा. शेवटी नरसिंहाच्या दर्शनाचं निमित्त काढून ते पोखर्णीला पंगतीत बसले. वाढपी तेलाचा तांब्या घेऊन थेट समोर आला. "पेडगावचे दत्तराव तुमीच का?"

दत्तरावांनी कपाळावर हात मारला, पण मनातून बायकोला मानलं. ही तहसीलदार असती तर तालुका सुतासारखा सरळ झाला असता!

तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर चरबीचा आकडा झरझर उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "कमाल केलीत!"

"कमाल हिची हाय साहेब. हिचंबी रक्त बघा, कसं निर्मळ असंल!"

रक्त तपासलं. धुरपताबाईंचा आकडा दत्तरावांच्या पहिल्या आकड्याच्याही वर निघाला.

"बाई, तूप खाता का?"

धुरपताबाईंनी पदर सावरला. "म्हैस दुधाला हाय. तूप इकणं आमच्यात शोभत न्हाई, टाकू वाटत न्हाई. ठिवावं तर ह्यांची नजर लय वाईट. मग रोज मीच संपवलं."

दत्तरावांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. आपल्या जिवासाठी हिनं स्वतःचा जीव पणाला लावला होता, तोही बिनबोभाट.

घरी येताच त्यांनी म्हैस लेकीच्या गावी धाडली आणि जन्मात पहिल्यांदा बायकोला ताट वाढलं. भाकरीवरचं तेल बघून धुरपताबाई हळूच म्हणाल्या, "आवो, बरणी खरडून चमचाभर निघतंय का बघा की."

"जेव गुमान," दत्तराव म्हणाले आणि तिच्या भाकरीवर आणखी एक पळी तेल सोडलं.