छोटेलालकाकांच्या गालावरची धूळ

देवरी तालुक्यात माझ्याइतका कॉम्प्युटर कोणालाच समजत नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. चिचगड रोडवर माझं फोटो-फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो की तेरवी, गावातला प्रत्येक चेहरा आधी माझ्या स्क्रीनवर येतो आणि मगच चौकात लागतो.

आणि स्क्रीन तरी कशी! नागपूरहून आणलेला जुना, पण ऐटबाज कॉम्प्युटर. समोर अख्खी सलग काच. खोड एकच. हायवेवरून ट्रक गेला की धूळ दुकानात आणि दुकानातली धूळ थेट त्या काचेच्या आत! बाहेरून पुसा, घासा, फुंका, आतले ठिपके हलायचे नाहीत. लग्न आटोपून आठवडा झाला तरी घरी न जाणाऱ्या पाहुण्यांसारखे! एका उमेदवाराने तर स्वतःचा फोटो पाहून मला विचारलं, "भूपेंद्रभाऊ, माझ्या दातात काय अडकून राहिलं?"

माझ्या दुकानासमोर छोटेलालकाकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अकरा वर्षं ते रोज सकाळी माझ्या बाकावर बसून पेपर वाचत. मोठ्यानं वाचत. मी स्क्रीनकडे बघत "हं, हं" करायचो. मागच्या महिन्यात ते अचानक गेले. तेरवीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा वीरेंद्र मोबाइलमधला फोटो घेऊन आला.

"दादा, संध्याकाळपर्यंत मोठा फ्लेक्स पायजे. मंडपाच्या गेटवर लावाचा आहे."

"झाला समज!" मी म्हणालो.

वीरेंद्र गेला. मी फोटो उघडला. काकांच्या डाव्या गालावर हरभऱ्याएवढा काळा डाग! धूळ! आता मात्र माझं डोकं सरकलं. गेलेल्या माणसाच्या तोंडावर धूळ?

एवढ्यात बायको, रेणू, चहा घेऊन आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं.

"अजी, तो डाग त..."

"धूळ आहे! काच काढून साफ करतो."

"काऊन काढून राहिले? मी म्हणते, तो डाग..."

"मले शिकवू नको! वीस वर्षं कॉम्प्युटर चालवून राहिलो मी!"

"करा मंग," ती म्हणाली आणि चहा ठेवून निघून गेली. चहा गार होता की ती, ते कळलं नाही.

काच चुंबकावर बसलेली असते, एवढी माहिती मला होती. मी न्हाणीघरातले टॉवेल टांगायचे रबरी हुक आणले, काचेवर दाबून चिकटवले आणि ओढलं. खाट्‌! काच हातात! आत बघतो तर धुळीची अशी रांगोळी की वाटावं, कोणी दिवाळीला काढून ठेवली आहे. फडकं मारलं, तर फडक्याचेच धागे चिकटले. म्हणून वीरेंद्रला फोन लावला. त्याने येऊन वडिलांच्या दुकानाचं कुलूप उघडलं आणि सायकलचा पंप दिला. पहिल्याच दट्ट्याला पंपातून हवेच्या आधी तेल आलं! काकांचं कपाळ चकाकू लागलं. स्पिरिटने तेल पुसलं, काच बसवली. सगळे ठिपके साफ! फक्त गालावरचा तो एक डाग तसाच.

पुन्हा हुक, पुन्हा काच, पुन्हा पंप. डाग तसाच!

तिसऱ्या वेळी हुकाने दगा दिला. काच सुटली आणि थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर! अंगठा सुजला, काचेचा कोपरा उडाला. मी कोपऱ्याला चिकटपट्टी लावली, एका पायावर उभा राहिलो आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून तेवढ्यात रोजचं बटण दाबून घेतलं. हे बटण दाबलं की सुरकुत्या, पुरळ, सगळं जाऊन माणूस बटाट्यासारखा गुळगुळीत होतो. मी सगळ्यांनाच तसं करतो. मग काच बसवायच्या आधी रागारागाने डोळे मिटून पंपाचा शेवटचा दट्ट्या मारला आणि डोळे उघडून पाहतो तर काय! डाग गायब!

"गेला!" मी ओरडलो. "रेणू, गेला!"

आतून आवाज आला, "आता कोण गेला?"

संध्याकाळी वीरेंद्र गुंडाळलेला फ्लेक्स घेऊन गेला. सकाळी मंडपवाल्यांनी तो गेटवर बांधला आणि झेंडूचा असा भला मोठा हार घातला की खालचं नाव पूर्ण झाकून गेलं.

मी लंगडत तेरवीला पोचलो तेव्हा गेटवर गर्दी होती. चिचगडच्या बसमधून उतरलेला एक म्हातारा फ्लेक्सकडे बघत दुसऱ्याला म्हणत होता, "आँ! हा त हिरालाल होय! म्हणजे छोटेलाल नाही मेला? हिरालाल मेला?"

हिरालाल म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. चिचगडला धानाचा व्यापार. दोघं भाऊ एका साच्यातले. कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण लोक नावं ठेवतील म्हणून हिरालाल आज आले होते आणि गेटच्या आतल्या बाजूला पाणी देत उभे होते.

"असंच असन," दुसरा म्हणाला. "चला, बरं झालं. वजनात मारे लेकाचा. छोटेलाल कोठी आहे? त्याले भेटून घेऊ. तो देवमाणूस."

"कोनाच्या वजनात मारलं गा मी?" मागून आवाज आला.

म्हाताऱ्याने मागे पाहिलं. समोर हिरालाल, हातात पाण्याचा जग! म्हाताऱ्याने अशी किंकाळी फोडली की आत जेवणारी पंगत अर्धी उठली. एक बाई रामराम म्हणत खुर्चीवर चढल्या! कोणी हिरालालना चिमटा काढून पाहिला. हिरालालनी त्याला एक ठेवून दिली, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली.

या गडबडीत काकांच्या पत्नी, अनुसयाबाई, बाहेर आल्या. फ्लेक्सकडे पाहत राहिल्या.

"हा काऊन लावला? यांच्या गालावरचा मस कोठी गेला?"

म्हणजे तो डाग धूळ नव्हताच, चामखीळ होती. मस! रेणू माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

"काकू, आत्ता करतो!" मी खिशातला मार्कर घेऊन खुर्चीवर चढलो, पण घाईत दिवसभर पाहिलेला डाग कोणत्या बाजूला होता तेच आठवेना. "कोणता गाल?"

"डावा."

मी माझ्या डाव्या हाताच्या बाजूच्या गालावर मस्त गोल, काळाभोर मस काढला. खाली कोणीतरी फिस्सकन हसलं. माझी डावी बाजू म्हणजे फोटोतल्या काकांचा उजवा गाल!

अनुसयाबाई हसल्या नाहीत. "आता हा कोनाचाच नाही राहिला," त्या म्हणाल्या. "रोज तुह्या दुकानात बसत ना गा हे? तुले एवढंबी दिसलं नाही?"

मी सांगणार होतो की काकू, बाक असा आहे की त्यांचा दुसरा गाल माझ्याकडे असायचा. पण हे खुर्चीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. खाली उतरूनही नव्हतं.

मी खाली आलो तर हिरालाल फ्लेक्ससमोर बसलेले. जग बाजूला ठेवला होता.

"काका, चूक झाली," मी म्हणालो.

"तुही चूक नाही," ते म्हणाले. "सकाळपासून गेटवर उभा आहो. सात-आठ जनाईनं मले मेला समजलं. एक बी रडला नाही गा. एकानं त मठ्ठा मांगला."

"लोकांना माहीत नव्हतं, काका..."

"त्यायले काय माहीत आहे, ते आयकलं म्या."

ते न जेवताच बसस्टँडकडे निघून गेले. थांबा म्हणायला कोणी गेलं नाही. मीही नाही. माझा अंगठा दुखत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवसापासून मी ठरवलं, फोटो उघडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहायचं. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, सगळं. परवा एक बाई पासपोर्ट फोटोसाठी आल्या. मी चांगलं मिनिटभर पाहिलं.

"असं कायले पाहून राहिले?" त्या म्हणाल्या आणि तडक समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्टुडिओत गेल्या.