समुद्रातल्या सरहद्दीची सहल

"सरहद्द बघायला लोक पार पंजाबात जातात, वेडे कुठले! आपली सरहद्द आपल्या दारात आहे!" श्रीवर्धनच्या भाऊंनी अख्ख्या आळीला ऐकवलं. मुरुडच्या निकेतने 'सागरी सीमा दर्शन, एक दिवस, जेवणासह' अशी सहल काढली होती. सुपारीची वाडी गड्यावर सोपवून भाऊ निघाले. डोक्यावर फौजी टोपी, मागे पत्नी कुमुदताई!

होडी किनारा सोडल्यापासून हेलकावतच राहिली. कुमुदताईंचा चेहरा कैरीसारखा हिरवा झाला. अखेर निकेतने भोंग्यातून घोषणा केली, "मंडळी, उजव्या हाताला आपली सागरी सीमा!"

भाऊंनी उजवीकडे पाहिलं. पाणी. डावीकडे पाहिलं. तेच पाणी!

"कुठाय सीमा?"

"काका, ती समजून घ्यायची असते."

"समजून मी घरी झोपाळ्यावर बसून घेतली असती! कुंपण नाही, चौकी नाही, ही काय फसवणूक आहे?"

"अहो, समुद्रात काय फक्कीने पांढरी रेघ मारून ठेवणार आहेत?" कुमुदताई कण्हल्या.

इतक्यात गस्तीची बोट दिसली. भाऊंनी टॉवेल असा काही फिरवला, की बोट सुसाट आली आणि होडीला आडवीच झाली.

"हात वर! कोण तुम्ही?"

भाऊ खूश! हा सहलीतलाच खेळ, सहल एकदाची सुरू झाली, असंच त्यांना वाटलं. छाती पुढे काढून म्हणाले, "आम्ही घुसखोर!" आणि कुमुदताईंना कोपराने ढोसलं, "हस जरा, फोटो काढतील."

फोटो काढले. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक!

झालं होतं असं, की त्याच दिवशी किनाऱ्यावर सुरक्षेचा सराव होता. साध्या वेशातले पोलीस खोटे घुसखोर होऊन समुद्रातून येणार आणि गस्तवाल्यांनी त्यांना पकडायचं! निकेतला याचा पत्ताच नव्हता.

धक्क्यावरच्या शेडमध्ये एकुलत्या एका बाकावर बसवल्यावर भाऊंचा पारा चढला. "अहो, मी बागायतदार आहे! सहलीला आलोय!"

"असंच सांगायला शिकवलेलं असतं," अधिकारी शांतपणे म्हणाले. "आधार कार्ड?"

कार्ड घरी होतं. निकेतने आणि बाकीच्यांनी आपापली कार्डं दाखवली. कुमुदताईंचंही पर्समध्ये होतं, म्हणून त्याही सुटल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ताई, यांना ओळखता?"

कुमुदताईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ओळख आहे," त्या म्हणाल्या, "पण खात्री देत नाही."

"कुमुद!" भाऊ ओरडले, तसे आणखी दोन शिपाई पहाऱ्याला आले. बघता बघता सगळा बंदोबस्त भाऊंभोवती जमला. किनारा मोकळा!

ऊन उतरल्यावर चार धट्टेकट्टे गडी शेडमध्ये शिरले. पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या, हातात वडापावच्या पुड्या. पुढचा वैतागून म्हणाला, "साहेब, आम्ही खोटे घुसखोर. दुपारपासून किनाऱ्यावर फिरतोय, कोणी पकडतच नाही! आमची शेवटची एसटी जाईल. आम्हाला पकडा ना!"

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. ते भाऊंकडे वळले आणि पडेल आवाजात म्हणाले, "काका, चूक झाली. आता जरा उठता का? यांना बसवून फोटो काढायचाय."

भाऊंनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अजिबात नाही!" ते गरजले. "आधी मी आलोय!"